वहिनीची केबल आणि आमचं म्हातारपण

फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून खिडकीचं माप घेत होते. डिंडोलीच्या टोकाला, नव्या इमारतीतल्या नव्या घराची खिडकी. पडद्यांवरून आदल्या संध्याकाळी माझं आणि वहिनीचं चांगलंच वाजलं होतं. मला हलके, वाऱ्यावर उडणारे पडदे हवे होते, आणि तिचं म्हणणं असं की सुरतेत मिळतो तो झुळझुळीत पडदा म्हणजे पेट घ्यायला टपलेलं कापड, माझ्या घरात नको. "तुझ्या एकटीचं घर आहे का?" असं मी तडकून विचारलं, त्यावर ती नुसती हसली आणि विषय तिथेच राहिला. फोनवर तिच्या प्रयोगशाळेतली हेतल होती. "फोई, तमे जल्दी आवो... मॅडमने सारुं नथी," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. नुसतं बरं नसलेल्या माणसासाठी कोणी असं रडत नाही, हे मला स्टुलावर उभ्या उभ्या कळलं. कडोदऱ्याला तिच्या फॅक्टरीत पोचले तोवर सगळं संपलं होतं. जेवणाचा डबा धुऊन ठेवला, खुर्चीत बसली, छातीत जड वाटतंय म्हणाली, आणि हेतल पाणी घेऊन येते तोच मान कलली. दवाखान्यात नेलं ते आपलं न्यायचं म्हणून.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, प्रमिला. फॅक्टरीत सगळ्यांची प्रमिलाबेन. नणंद-भावजयीबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं पुष्कळसं आम्हीही केलं. भांडलो, अबोला धरला, एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. पण आता मागे वळून बघते तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात जवळची मैत्रीण कोण, या प्रश्नाला तिच्याखेरीज दुसरं उत्तर सापडत नाही. ती कडोदऱ्याच्या पुढे एका फॅक्टरीत केबलची रचना करायची. आगीत सापडल्या तरी चालू राहणाऱ्या, भट्टीजवळच्या उष्णतेत न वितळणाऱ्या, आणि अणुवीजकेंद्रात किरणांच्या माऱ्यात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या केबल. आमच्या नातेवाइकांना यातलं काही कळायचं नाही. वायरच्या कंपनीत आहे म्हटलं की एखादी मावशी हमखास विचारायची, मग आमचा पंखा बघून जाईल का? आणि वहिनी खरोखरच जाऊन पंखा बघून यायची.

आमचं दोघींचं ठरलेलं होतं की म्हातारपण एकत्र काढायचं. दोघी नोकरीतून मोकळ्या झालो की नव्या घरात राहायला जायचं, तिची एक खोली, माझी एक, मध्ये हॉल. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न मी केलं नाही. ती सुटायची तेवढी वाट बघत होते. हा लेख खरं म्हणजे त्या वाट बघण्याचाच आहे, त्यामुळे वाचताना कुठे माझा सूर चिडका लागला तर समजून घ्यावं.

तिची माझी पहिली भेट साखरपुड्यात. आम्ही खानदेशातून आलेली माणसं. आमचे वडील कापडाच्या लूमवर होते आणि तिचे कडोदऱ्याच्या एका प्रोसेसिंग हाऊसमध्ये, म्हणजे जिथे कापड रंगवतात आणि छापतात तिथे. आईने मोठ्या हौसेने होणाऱ्या सुनेसाठी पर्वत पाटियाच्या ओळखीच्या दुकानातून रेशमी साडी आणली होती. ओटी भरून झाली, साडी हातात पडली आणि या मुलीने काय करावं? पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढला, समईच्या ज्योतीवर धरला, आणि नाकाशी नेऊन वास घेतला. धागा वितळला, त्याचा काळा मणी झाला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते; मणी झाला म्हणजे पॉलिस्टर, हे सुरतेच्या कापडात जन्म गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक. तिच्या घरी कुठलंही कापड आलं की आधी धागा जाळून बघायची रीतच होती. तिचे वडील तिच्या हातून तो जाळून घेत. त्यात कोणाचा अपमान आहे हे तिच्या गावीही नव्हतं. आमच्या आईचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. "माय व! लुगडाले काडी लावस का कोनी?" ती ओरडली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपले नको अशी सून!"

तिचे वडील हात जोडून पुढे आले. आणि दादा, म्हणजे माझा भाऊ, तोंडावर रुमाल धरून हसत होता. मुलगी रडेल असं मला वाटलं, पण ती उठून आईजवळ गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला फसवलंय त्याने. माझ्यासाठी आणली म्हणून तुम्ही रेशमाचे पैसे दिले असतील ना? चला, मी येते तुमच्याबरोबर." दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन दुकानात गेली आणि जळका मणी गल्ल्यावर ठेवून उभी राहिली. काय बोलली ते दोघींपैकी कोणी कधी धड सांगितलं नाही, पण खरी रेशमी साडी घेऊनच परतल्या, आणि रस्त्यात कुठेतरी लग्नही पक्कं झालेलं होतं. त्यानंतर आईने तिच्याशिवाय साधं परकराचं कापडही घेतलं नाही. संध्याकाळी वहिनी फॅक्टरीतून आली की आई ओट्यावरूनच विचारायची, "आज काय जाळं व बाई?" आणि ही चप्पल काढता काढता सगळं सांगायची. आईला त्यातलं किती कळत होतं देव जाणे. पण ऐकायची मन लावून.

ती डिप्लोमा करून तिथे लागली तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच बाई होती. पहिली काही वर्षं नमुने कापायचे, जाळायचे आणि आकडे लिहायचे एवढंच काम. मग हळूहळू कशात काय मिसळलं तर काय होतं हे तिच्या हातात बसत गेलं आणि ती स्वतः केबल आखायला लागली. साडीला रोज जळक्या रबराचा वास यायचा. मी नाक मुरडायचे, "आधी आंघोळ कर, मग भाकरीला हात लाव." आता तो वास कुठे मिळतो का म्हणून मी तिच्या कपाटात तोंड घालते. पण ती साड्या धुऊन, कडक वाळवून घड्या करणारी बाई; साबणाशिवाय दुसरा वास नाही...

एकदा शाळेला सुट्टी होती तेव्हा ती मला फॅक्टरी दाखवायला घेऊन गेली. लोखंडी चौकटीवर केबलचा तुकडा आडवा बांधलेला, खाली गॅसची लांब शेगडी, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरात असतात तसले दिवे जोडलेले. शेगडी पेटली. वरचं आवरण बघता बघता काळं पडलं, मग फुगलं, मग गळून गेलं. मी माझ्या आयुष्यात इतक्या जवळून असं काही जळताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे डोळे त्या ज्वाळांवरून हलेनात. वहिनीने माझी हनुवटी धरून मान वळवली. "दिव्यांकडे बघ, ताई. आग काय, सगळेच बघतात." दिवे लागलेले होते. केबलची पार राखुंडी झालेली आणि दिवे शांतपणे लागलेले. आतल्या तांब्यावर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते, ती जळत नाही, असं तिने समजावलं. मग म्हणाली, "त्या दिव्यांच्या जागी जिन्यातले दिवे धर, पाण्याचा पंप धर, दवाखान्यातलं मशीन धर. शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत चालू राहिले की झालं. नंतर केबल गेली तरी चालेल." धुराचंही तिला तेवढंच. एका बंद खोलीत केबल जाळायची आणि खोलीच्या या भिंतीवरून सोडलेला प्रकाश त्या भिंतीवर किती पोचतो ते मोजायचं. माणसाला दार दिसलं पाहिजे, असं ती म्हणायची. घरी फोडणी करपून धूर झाला की मी मुद्दाम विचारायचे, "वहिनी, दार दिसतंय का गं?" आणि ती पोळपाटावरचं पीठ माझ्या अंगावर उडवायची.

दादा फार लवकर गेला. अमोल, त्यांचा मुलगा, तेव्हा बाहेरगावी कॉलेजात होता. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखं काही राहिलंही नाही. एक मात्र सांगते. तेरावं झाल्यावर तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते, काही दिवस चल म्हणून. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, कारण ही गेली की घरात मी, आई आणि भिंती. तिने भावाला चहा दिला आणि सांगितलं, "मी इथेच राहते. ताईला रात्री आईंना उठवायला एकटीला जमत नाही." मला उत्तम जमत होतं. तिलाही ते माहीत होतं. तेव्हापासून आम्ही पै-पाहुणे, सणवार, आईचं दुखणं, अमोलचं शिक्षण, सगळं दोघींनी मिळून केलं. पुढे आई गेली, अमोल नोकरीला बंगळुरूला गेला. मग एका संध्याकाळी आमच्या त्या जुन्या घराचा उभा जिना चढताना माझा गुडघा धरला, तशी ती खालच्या पायरीवर बसली आणि घरात बोलायची तशा अहिराणीत म्हणाली, "म्हातारपन काय एकटीनं काढानी गोट शे का? लिफ्टवालं घर लेऊत." तिथून नव्या घराचा विषय निघाला.

घर बांधून होईपर्यंत आम्ही दर रविवारी बघायला जायचो. नुसते खांब उभे होते तेव्हापासून आमचा संसार मांडून झालेला होता. ही माझी खोली, ही तुझी. इथे बसून मी पेपर वाचणार, तिथे तू तुझी झाडं मारणार. (तिच्या हाताला झाड लागत नसे. तुळससुद्धा.) खोल्यांवरूनही वाद झाला, पण उलटा, पश्चिमेची खोली दुपारी तापणार म्हणून ती मी घेते म्हणत होते आणि तिने हट्टाने स्वतःकडे घेतली. म्हणाली, "मला उष्णतेची सवय आहे, तुला नाही." वायरिंगचं काम चालू असताना तर तिने इलेक्ट्रिशियनचा जीव नकोसा केला. दिनेशभाई त्यांचं नाव, भला माणूस. घरभर तिने स्वतःच्या आखणीची केबल घालायला लावली. "अरे, घर आहे की अणुभट्टी?" असं मी म्हटलं तर दिनेशभाई हळूच हसले आणि वहिनीने आम्हा दोघांकडेही दुर्लक्ष केलं. तिथे उभं राहून मला कंटाळा यायचा, म्हणून मी खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे आणि ती वर राहायची.

आणि याच सुमाराला ती केबल आली, जिला मी उघड उघड माझी सवत म्हणायचे. अणुवीजकेंद्रासाठीची. जिथे ती जाणार तिथे भिंतीआड एकदा घातली की पुन्हा माणसाने हात लावायची सोय नाही. माणसाचं उभं आयुष्य जाईल तेवढी वर्षं तिने तिथे उष्णता आणि किरणं सोसायची, आणि इतकं सोसून झाल्यावर एखाद्या दिवशी आग लागलीच तर त्या दिवशीही चालायचं. आता इतकी वर्षं थांबून कोण बघणार? म्हणून तिचे नमुने भट्टीत घालून लवकर म्हातारे करायचे. जास्त तापमानात काही आठवडे ठेवले की पुढची कित्येक वर्षं उरकतात. हे तिने सांगितलं तेव्हा मी शिळ्या पोळीचा चिवडा करत होते. मी विचारलं, म्हातारी झाली हे कळतं कसं? तर म्हणाली, त्या नमुन्यांच्या पट्ट्या कापून यंत्रावर ताणायच्या. नवी पट्टी तुटण्याआधी भरपूर लांब होते. म्हातारी थोडीशी लांबते आणि तुटते. किती कडक झाली, किती काळी पडली, याला महत्त्व नाही. तुटण्याआधी अजून किती ताणली जाते ते बघायचं. त्यानंतर मी कशावरून चिडले की ती शांतपणे म्हणायची, "ताई, पूर्वी तू बरीच ताणली जायचीस. हल्ली लगेच तुटतेस."

मी निवृत्त झाले तेव्हा तीही होणार होती. नारळ, शाल, सगळं फॅक्टरीत ठरलं होतं. तेवढ्यात या केबलचं काम राहिलं म्हणून शेठने थांबायला सांगितलं आणि ही थांबली. थोडेच महिने, असं म्हणाली. ग्राहकाच्या मागणीत असं होतं की नमुना आधी भट्टीत तापवायचा, मग किरणांसमोर ठेवायचा आणि मग जाळून बघायचा. तसं केलं आणि केबल उत्तम पास झाली. मी घरी शिरा केला, आता सुटलो म्हणून. आणि दोन दिवसांनी ही बया सांगते की आता मी क्रम उलटा करून बघतेय. आधी किरणं, मग उष्णता. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. तिच्या मनात आलं. उलट्या क्रमाने आलेल्या पट्ट्या यंत्रावर चढवल्या आणि ताणायच्या आधीच तुटल्या.

शेठ चांगला माणूस होता, पण तोही चक्रावला. ग्राहकाने मागितलेलं नाही ते करून तुम्ही आपलीच केबल नापास का करताय, असं त्याने विचारलं. वहिनीने मला त्याची नक्कल करून दाखवली होती आणि मग स्वतःचं उत्तरही सांगितलं होतं, "मी म्हटलं, शेठ, तिथे आत काय आधी येणार आणि काय नंतर, हे केबलला विचारून येणार आहे का?" मी मात्र शेठच्या बाजूची होते. माझा तिळपापड झाला. घराचा ताबा मिळाला होता, किल्ल्या खुंटीला लटकत होत्या, आणि हिला सगळं मिश्रण पहिल्यापासून बदलायचं होतं. म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा नमुने बाहेरच्या शहरात किरणांसमोर ठेवायला पाठवायचे, पुन्हा महिनोन्महिने. "एकटी जाऊन राहीन मी तिथे," अशी मी धमकी दिली. "जा की," ती म्हणाली, आणि डोळे मिचकावून पुढे, "पण अंधाराला घाबरतेस ना तू?" मी गेले नाही. तिच्याशिवाय त्या घरात एक रात्रही काढायची माझी इच्छा नव्हती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी केबल दोन्ही क्रमांनी पास झाली. त्या दिवशी ती लवकर घरी आली, जिन्यात हाका मारत आली. हातात जळून पांढऱ्या झालेल्या केबलचा तुकडा. आवरणाची राख झाली होती, पण ती राख तारेला घट्ट धरून होती. बोटाने टोकरली तरी सुटत नव्हती. अशीच राख व्हायला हवी असते, असं तिने सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी अमोलच्या जन्मानंतर पहिल्यांदा पाहिला. मी रुसलेलीच राहायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडत असल्याचं कळवलं. महिनाअखेरीस मोकळी होणार होती. आम्ही गाद्या शिवायला टाकल्या, भांडी वाटून घेतली, पडद्यांवरून भांडलो. आणि मग हेतलचा फोन.

तापीवर अस्थी सोडताना अमोल माझा हात धरून उभा होता. मोठा गुणी मुलगा. म्हणाला, "आत्या, माझ्याकडे चल. इथे एकटी काय करणार?" तो गेल्यावर मी जुन्या घरातच राहिले. सकाळी दोन कपांचं आधण ठेवते आणि मग एक कप ओतून देते, हे किती दिवस चालणार माहीत नाही. संध्याकाळी जिन्यात चपलांचा आवाज झाला की प्राण कानांत गोळा होतात. वरच्या मजल्यावरचे लोक असतात. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा मला तिचा राग जास्त येतो. सगळ्या जगातल्या भिंतींमधल्या तारा पुढची कित्येक वर्षं कशा टिकतील याची हिने व्यवस्था केली, आणि माझ्या वाट्याचं जे थोडंसं म्हातारपण तिने कबूल केलं होतं, त्यातला एक दिवसही दिला नाही. तिची आठवण येते असं म्हणणंही पुरेसं नाही. मला ती हवी आहे. समोर, भांडायला.

नवं घर भाड्याने द्यायचं ठरवलं. तिथे एकटीने राहणं माझ्याच्याने होणार नव्हतं. दलालाने एक कुटुंब आणलं, त्यांना घर आवडलं, फक्त दिवे-पंखे बसवून हवे होते. म्हणून दिनेशभाईंना बोलावलं. गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, रिकामं घर, त्यांच्या ड्रिलचा आवाज. माझ्या खोलीतलं काम करता करता ते थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. पलंग येणार होता त्या जागी, भिंतीवर खाली, उशीच्या उंचीला, स्विचबोर्डासारखी पण बटणं नसलेली एक कोरी पट्टी होती. मी ती कधी पाहिली नव्हती. पाहिली असेल तरी लक्षात आली नव्हती. त्यांनी स्क्रू काढून पट्टी उघडली. आत नारिंगी केबलची वेटोळी, टोकं टेप लावून बंद केलेली.

"इसका क्या करना है, बेन? बंद कर दूँ?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, ही जाते कुठे?

दिनेशभाई माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आपको मॅडमने नहीं बोला? सामने उनके रूम में जाता है. वहाँ भी ऐसा ही बॉक्स है, पलंग के पास. घंटी का तार है. आप दोनों के लिए. इधर से दबाओ तो उधर बजेगी, उधर से दबाओ तो इधर." ते थोडं हसले. "मैंने बोला, मॅडम, घंटी के लिए इतना भारी केबल? सादा तार चलेगा. तो बोले, आग में ही तो बुलाना पडेगा ना, दिनेशभाई. मैंने बोला, तो घंटी भी लगा देता हूँ. बोले, अभी नहीं. अभी दोनों चलती-फिरती हैं. ताई को बोलूँगी तो लडेगी, कि मुझे अभी से बुढ्ढी बना दिया."

लढले असते. शंभर टक्के लढले असते.

मी भिंतीला टेकून खाली बसले. बसल्या बसल्याच मी दिनेशभाईंना म्हटलं, घंट्या बसवा. त्यांनी एकदा रिकाम्या घराकडे पाहिलं. खाली जाऊन बाजारातून घंट्या आणि बटणं घेऊन आले. दलालाला मी तिथूनच फोन करून सांगितलं की घर द्यायचं नाही. तो बराच वेळ काहीबाही बोलत होता. दिनेशभाईंनी माझ्या खोलीतलं काम संपवलं, मग हॉल ओलांडून तिच्या खोलीत गेले. मी तिथेच बसले होते, पलंग येणार होता त्या जागी, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या खोलीतलं ऊन हॉलपर्यंत आलं होतं आणि मला ग्लानी आल्यासारखं झालं होतं.

डोक्यावर घंटा वाजली.

"आले, वहिनी," मी म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. हॉल ओलांडला. "आले, आले, थांब जरा," असंही म्हणाले बहुतेक. आणि तिच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा दिनेशभाई भिंतीशी उकिडवे बसलेले होते, बटणावर बोट ठेवून.